ऑस्ट्रेलियातली देशी झाडं कुंडीत: पहिल्या वामनवृक्षाची पहिली तीन वर्षं

आमच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना पेपरबार्कची झाडं आहेत. खोडावर हात ठेवला तर साल गादीसारखी दबते आणि कडेचे पापुद्रे जुन्या पोथीच्या पानांसारखे सुटून येतात. मेलबर्नला आल्यावर पहिली चार-पाच वर्षं मी या झाडांखालून स्टेशनवर ये-जा करत होतो आणि घरी मागच्या अंगणात जपानी मेपल जगवायचा आटापिटा करत होतो. जानेवारीत उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला की मेपलची पानं एका दुपारीत कडेनं करपायची. रस्त्यावरची झाडं मात्र ढिम्म. शेवटी कधीतरी डोक्यात उजेड पडला आणि मी चार डॉलरचं पेपरबार्कचं रोप घेऊन आलो.

तुम्ही ऑस्ट्रेलियात राहत असाल, अंगण किंवा ऊन येणारी बाल्कनी असेल आणि इथलंच एखादं झाड वामनवृक्ष, म्हणजे बोन्साय, म्हणून वाढवायची इच्छा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बोन्सायची जपानी पद्धतीची पुस्तकं घरी असतील तर तार कशी गुंडाळायची हे त्यांतून जरूर शिका. त्यांचं वेळापत्रक मात्र बाजूला ठेवा. एक तर इथले ऋतू उलटे: वसंत सप्टेंबरात, कडक उन्हाळा जानेवारीत, आणि सूर्य उत्तरेकडून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुस्तकं मुळं छाटायला सांगतात ती झाड थंडीत झोपलेलं असताना किंवा नुकतं जागं होताना. इथली बहुतेक झाडं सदाहरित. त्यांची मुळं थंडीत छाटली तर जखमा तशाच ओल्या राहतात आणि झाड कुजतं. ऊब असताना छाटली तर पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. माझं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर उभं आहे.

तारखा मेलबर्नच्या देतोय. सिडनी-ब्रिस्बेनवाल्यांना थोडं आधी सुरू करता येईल.

झाड कोणतं?

दोन घ्या: एक पेपरबार्क आणि एक पोर्ट जॅक्सन फिग. बाकीची नंतर.

पेपरबार्क म्हणजे मेलालुका. याचे प्रकार पुष्कळ, पण नवख्या हाताला दोन बरे: टोचऱ्या बारीक पानांचा स्टायफेलिऑइडिस आणि उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी झाकून जाणारा लिनारिइफोलिया. मेलबर्नच्या रस्त्यांवर हे दोन्ही दिसतात, म्हणजे मोठं झाल्यावर झाड कसं दिसतं हे बघायला लांब जावं लागत नाही. पाणी जास्त झालं तरी चालतं, जुन्या खोडातून फुटवे येतात, आणि साल अशी की दहा वर्षांचं झाड पन्नास वर्षांचं भासतं. आपल्याकडे बागेत असतो तो लाल बॉटलब्रश याचाच सख्खा भाऊ. जांभूळ, पेरू, निलगिरी ही सगळी याच कुळातली मंडळी. पेरू मुद्दाम सांगतोय, पुढे रोगाच्या वेळी त्याचा संबंध येणार आहे.

पोर्ट जॅक्सन फिग, शास्त्रीय नाव फायकस रुबिजिनोसा, हा वड-उंबराच्या गोतावळ्यातला. पानाच्या पाठीवर गंजासारखी तांबूस लव असते. चीक निघतो, दमट हवेत पारंब्याही सुटतात. सिडनीच्या बंदराच्या कडेनं फिरलात तर वाळूच्या दगडाच्या कड्यांना मुळांनी मिठी मारून बसलेली याची झाडं दिसतील, आपल्याकडे किल्ल्याच्या तटातून पिंपळ फुटतो अगदी तशी. ज्यानं देशात कुंडीत वड किंवा नांद्रुक वाढवला असेल त्याचा हात याच्यावर आपोआप चालेल. एकच पथ्य: याला मेलबर्नची थंडी बोचते. जून ते ऑगस्ट वळचणीला, भिंतीच्या उबेत ठेवायचा.

सुरूबद्दल मला नेहमी विचारतात. कोकणातल्या किनाऱ्यांवर लावलेला सुरू हा कॅज्युरिना, आणि उत्तर ऑस्ट्रेलियाचा किनारा हेही त्याचं मूळ घर. लहानपणी त्याच्या 'सुया' सांध्यातून उपटून परत जोडायच्या आणि 'कुठे तुटलंय सांग' म्हणायचं, हा खेळ खेळलेले बरेच जण असतील. त्या सुया पानं नसून बारीक डहाळ्या असतात. खरी पानं म्हणजे सांध्यावरचे इवलेसे दात. इथे नदीकाठी वाढणारा त्याचा भाऊबंद, कॅज्युरिना कनिंगहॅमियाना, वामनवृक्ष म्हणून झकास होतो. पण प्रत्येक फांदीवर थोडं हिरवं राखूनच कापायचं हे भान हाताला आलेलं असावं लागतं, म्हणून तो दुसऱ्या वर्षी.

बँक्सिया (ब्रशसारख्या फुलांचं इथलं झाड) आणि टी-ट्री (बारीक, वासाच्या पानांचं) तिसऱ्या वर्षी. निलगिरीच्या नादाला सुरुवातीला लागू नका. सातशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या काही कुंडीत छान होतात, पण पानं मोठी, फांद्या ठिसूळ आणि मनात आलं की एखादी फांदी मुकाट्यानं वाळवून टाकायची खोड. सोसायला अनुभव लागतो.

रोप आणायचं कुठून?

देशी झाडांच्या नर्सरीत 'ट्यूबस्टॉक' मागा. साधारण ५ सेंटिमीटर चौरस आणि उंच अशा नळकुंडीतलं हे रोप चार-पाच डॉलरला मिळतं. पुष्कळ नगरपालिका आणि स्थानिक गट त्या-त्या भागातल्या देशी झाडांच्या छोट्या नर्सऱ्या चालवतात. तिथली माणसं हौसेनं माहिती सांगतात. एक न घेता तीन घ्या. एक मरेल, एक कंटाळवाणं निघेल, एक राहील.

निवडताना वरचा पाला बघू नका. बोटानं वरची माती थोडी बाजूला करून बुंधा बघा. खाली किंचित रुंद होत गेलेला, थोडा वाकडा असेल तर तो घ्या. नर्सरीवाला सरळसोट रोप चांगलं म्हणून पुढे करतो आणि वाकडं मागे ठेवतो. आपल्याला ते मागचंच हवं असतं. कुंडीच्या तळाच्या भोकातून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर मात्र ते रोप ठेवून द्या, आत मुळांचा वेटोळा झालेला असतो.

रानातून, राष्ट्रीय उद्यानातून, समुद्रकाठच्या राखीव पट्ट्यातून झाड उपटून आणणं बेकायदा आहे. 'एवढंसं तर आहे' हे कारण चालत नाही. कुणी अंगणातलं जुनं कुंपण काढत असेल तर विचारून तिथलं झाड खणून आणावं. जाड बुंध्याचं झाड फुकट मिळण्याचा तोच सरळ मार्ग. आणि देशातून येताना बॅगेत बिया, फांद्या किंवा माती लागलेली कुंडी आणायचा विचारही करू नका. विमानतळावर ते सगळं जप्त होतं, लपवलं तर दंड वेगळा.

माती

बोन्सायच्या कुंडीत बागेतली माती घालत नाहीत. पाणी चटकन खाली जावं आणि दाण्यांच्या फटींतून हवा खेळावी, एवढंच बघायचं. मी वापरतो ते प्रमाण: ३ ते ६ मिलिमीटरचे स्कोरियाचे, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे, दाणे २ भाग आणि कुजवलेली पाइनची साल १ भाग. पेपरबार्कसाठी त्यात मूठभर कोकोपीट जास्त. स्कोरिया मिळाला नाही तर प्युमिस किंवा परलाइट चालतो. सगळं चाळून घ्या. खाली पडलेली पूड टाकून द्यायची, मोह झाला तरी. ती पूडच पुढे चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते.

पॉटिंग मिक्सच्या पिशवीवर इथे इशारा छापलेला असतो तो वाचा. त्यात लेजिओनेला जातीचे जंतू असू शकतात आणि ते श्वासातून जातात. मास्क लावा, माती थोडी ओली करून घ्या, नंतर हात धुवा.

पहिली कुंडीबदल: नोव्हेंबर

मेलबर्नच्या बागकाम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, टोमॅटोची रोपं जमिनीत गेली पाहिजेत. तोवर रात्रीची थंडी सरलेली असते. पेपरबार्क आणि फिगची कुंडी बदलायला मी तोच मुहूर्त धरतो.

पहिल्या वर्षी बोन्सायची सुंदर उथळ कुंडी घेऊ नका. त्यात झाड वाढतच नाही. भाज्या धुवायची प्लॅस्टिकची चाळण घ्या, दोन-तीन डॉलरची. चारी बाजूंनी हवा लागते, मूळ कडेला पोचलं की टोक वाळतं आणि मागून बारीक मुळांचं जाळं फुटतं.

आदल्या संध्याकाळी रोपाला भरपूर पाणी द्या. काम सावलीत करा, वारा नसताना. हाताशी पाण्याची बादली, फवारणीची बाटली, तीक्ष्ण कात्री आणि जेवणाची एक चॉपस्टिक. नळकुंडीच्या कडा दाबून रोप अलगद काढा. पेपरबार्कची मुळं काथ्याच्या पायपुसण्यासारखी घट्ट विणलेली असतात. चॉपस्टिकनं खालून वर नाही, तर खोडापासून बाहेर असं विंचरत या, पोरीच्या केसांतला गुंता काढतात तसं, टोकाकडून थोडं थोडं. खालचा एक तृतीयांश भाग सरळ कापून टाका. गोल फिरलेली जाड मुळं कापा. बुंध्याच्या खाली सरळ पाताळात जाणारं जाड मूळ असेल तर तेही आखूड करा, मात्र त्याच्या वर बारीक मुळं आहेत याची खात्री करून. दर दोन मिनिटांनी फवारा मारत राहा. ही मुळं वाऱ्यावर पाच मिनिटांत वाळतात आणि वाळलेलं मूळ परत जिवंत होत नाही.

चाळणीत तळाला मातीची छोटी टेकडी करा, त्यावर रोप बसवा आणि मुळं चहूकडे चाकाच्या आऱ्यांसारखी पसरा. पुढे पंधरा वर्षांनी बुंध्याला जो पसारा दिसतो तो या दहा मिनिटांत ठरतो. चाळणीच्या भोकांतून तार ओवून रोप बांधून टाका. झाड डुगडुगलं की नवी मुळं तुटतात. मग माती घालून चॉपस्टिकनं हलक्या हातानं टोचत टोचत आत बसवा. काठी रुतायची थांबली की फटी भरल्या. शेवटी झारीनं पाणी, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत.

मुळं कापली म्हणून त्याच दिवशी वरचा पाला भादरू नका. जपानी पद्धतीत दोन्ही एकदम करतात, इथल्या झाडांवर मी ते करत नाही. पालाच नवी मुळं काढायला जोर देतो. दोन-तीन आठवडे उजेडातल्या सावलीत ठेवा, मग उन्हात.

बँक्सिया आणलात तर एवढं लक्षात ठेवा: तिची मुळं धुऊन उघडी करायची नाहीत. खालून आणि कडेनं थोडं कापायचं, मधला गड्डा हलवायचा नाही.

पाणी

इथे झाडं मरतात ती याच एका कारणानं. 'ऑस्ट्रेलियन झाडं म्हणजे दुष्काळ सोसणारी' हे वाक्य ज्यानं कुणी पसरवलं त्यानं अंगणातल्या झाडाबद्दल म्हटलं असेल, ज्याची मुळं दोन मीटर खोल गेलेली असतात. आठ सेंटिमीटर मातीत बसलेल्या झाडाला ते लागू नाही.

माझं एक टी-ट्री होतं, सात वर्षांचं, समुद्राच्या वाऱ्यानं झुकल्यासारखं. डिसेंबरात आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो. नळाला टायमर लावला, ठिबकच्या नळ्या फिरवल्या, पण एक नळी कुंडीतून निसटली असणार. परत आलो तर झाड हिरवं, पान न पान जागेवर. मी खूश. बायको म्हणाली, "याला वास नाही येत आहे." टी-ट्रीचं पान चुरगाळलं की झणझणीत वास येतो. हे चुरगाळलं तर चुरा झाला. नखानं साल खरवडली, आत हिरव्याऐवजी तपकिरी. ते झाड बहुधा आठवडाभर आधीच गेलं होतं आणि हिरवं दिसत उभं होतं. टी-ट्री एकदा पुरतं वाळलं की माघारी येत नाही, आणि वाळलं हे सांगतही नाही.

म्हणून नेम असा. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी, पारा ३५ च्या वर जाणार असेल तर संध्याकाळीही. ४० च्या वर जाणार असेल तर कुंड्या सकाळीच सावलीत किंवा ५० ते ७० टक्क्यांच्या शेडक्लॉथखाली हलवा. पेपरबार्कला उन्हाळ्यात २ सेंटिमीटर पाण्याच्या ताटलीत उभं केलं तरी ते आनंदात असतं, मुळात दलदलीचं झाड ते. बँक्सियाला मात्र ताटली कधीच नको, ती कुजेल. फिग मधला, चुकलंमाकलं सोसणारा.

माती एकदा कोरडीठाक झाली की ती पाणी घेत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेनं घसरून भोकातून बाहेर पडतं आणि आपल्याला वाटतं भिजलं. कुंडी उचलून बघा, हलकी लागली तर आत कोरडंच आहे. अख्खी कुंडी बादलीत बुडवून ठेवा. आधी बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत काढू नका.

आपल्या लोकांची अडचण अशी की आपण देशात जातो ते डिसेंबर-जानेवारीत, शाळांना सुट्ट्या म्हणून, आणि झाडांचे सगळ्यांत वाईट दिवसही तेच. टायमरवर विसंबू नका. झाडं सरळ एखाद्या मित्राच्या घरी नेऊन ठेवा, कुंडी उचलून वजन बघायला शिकवा, आणि येताना त्याच्यासाठी बाकरवडी आणा. हा सौदा आजवर फसलेला नाही.

खत

बँक्सियासाठी घरात हाडांचा चुरा आणि कोंबडीखत असेल तर लांब ठेवा. ऑस्ट्रेलियाची जमीन फार जुनी, पावसानं झिजलेली, तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) अगदी थोडं. बँक्सियाच्या कुळानं त्यावर तोड म्हणून बारीक मुळांचे दाट झुपके काढले, जे मातीतून कणकण स्फुरद ओढून घेतात. त्यांना 'पुरे' म्हणता येत नाही. जास्त स्फुरद दिलं की ती ओढतच राहतात आणि पानं पिवळी पडून, टोकाकडून जळून झाड जातं. आपल्याकडचा सिल्व्हर ओकही याच कुळातला. 'नेटिव्ह' लिहिलेलं, स्फुरद फार तर १ ते ३ टक्के असलेलं खत घ्या.

पेपरबार्क आणि फिग एवढे नाजूक नाहीत. ते खादाड आहेत. सप्टेंबर ते मार्च त्यांना दर पंधरा दिवसांनी पातळ केलेलं द्रवखत द्या, नाहीतर तीन वर्षांनीही खोड पेन्सिलीएवढंच राहील.

कात्री

पहिलं वर्ष कात्री लपवून ठेवा. खोड जाड होतं ते पाल्याच्या जोरावर. शेंडा वाटेल तसा वाढू द्या, मीटरभर गेला तरी. बेढब दिसेल, दिसू द्या.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाड जोमात असताना, पहिली मोठी छाटणी. पेपरबार्कचं खोड जिथे पहिलं वळण घ्यायला हवं तिथे कापा, न घाबरता. वणव्यानंतर इथली कितीतरी झाडं काळ्या कोळशासारख्या खोडातून हिरवी लव फुटल्यासारखी परत येतात, सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात म्हणून. आपली कात्री म्हणजे छोटा वणवा. महिन्याभरात कापलेल्या जागेखाली पाच-सहा डोळे फुटतील. त्यातला एक नवा शेंडा, दोन फांद्या, बाकीचे खुडून टाका. एकाच जागी तीन-चार फुटवे राहू दिले तर तिथे गाठ सुजते आणि ती कधीच जात नाही.

फिगला हेच, फक्त चीक वाहतो. ओल्या फडक्यानं पुसा, मोठ्या जखमेवर लेप लावा. पानं लहान व्हावीत म्हणून निरोगी फिगची सगळी पानं डिसेंबरात देठ ठेवून कापता येतात. नवी पानं निम्म्या आकाराची येतात. ज्या वर्षी कुंडी बदलली त्या वर्षी हा खेळ नको.

टी-ट्री आणि सुरू यांना ही वणव्याची उपमा लावू नका. हिरवं न ठेवता उघड्या लाकडात कापलं तर ती फांदी बहुतेक गेलीच.

तार

ॲल्युमिनियमची तार, जाडी फांदीच्या एक तृतीयांश, साधारण ४५ अंशांच्या तिरप्यानं. एवढं पुस्तकात आहेच. इथल्या झाडांचं वेगळेपण एवढंच की उन्हाळ्यात ती भराभर फुगतात. दर दोन आठवड्यांनी तार बघा, रुतायला लागली की पक्कडीनं तुकडे करून काढा, उलगडत बसू नका. पेपरबार्कची साल मऊ असल्यामुळे तार आत गेलेली वरून कळत नाही. फांदी वाकवायची ती कोवळी असतानाच. जुनी फांदी खाली आणायची असेल तर तारेनं न गुंडाळता दोरीनं ओढून कुंडीच्या कडेला बांधा आणि आठवड्याला थोडी थोडी ताणा.

आकार

इथे माझं मत ठाम आहे. पेपरबार्कला जपानी पाइनचा आकार देऊ नये. ढगांसारखे सपाट पाल्याचे थर, खालून वर त्रिकोण, हे सगळं सुबक दिसतं, पण ते झाड इथलं वाटत नाही.

मग आकार आणायचा कुठून? बाहेर जाऊन. मेलबर्नच्या दक्षिणेला ब्यूमॅरिसच्या किनाऱ्यावर जुनी टी-ट्री आहेत. खोडं जमिनीला लागून पाच-सहा फूट आडवी जातात, पिळे खातात आणि मग अचानक वर उठतात. मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर मूना नावाचं पेपरबार्क आहे. समुद्राकडची बाजू वाऱ्यानं तासून काढलेली, सगळा पाला जमिनीकडच्या बाजूला वाहून गेल्यासारखा. मरे नदीकाठचे रेड गम बघा (गम म्हणजे इथली निलगिरी): बुंधा अवाढव्य, फांद्या वर उठून टोकाला खाली लवलेल्या, पाला फक्त टोकांना झुबक्यांनी आणि झुबक्यांच्या मधे भरपूर आभाळ. लांब जाणं जमत नसेल तर हान्स हेसन या चित्रकाराची गम झाडांची जलरंगातली चित्रं शोधून बघा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हानडॉर्फला राहून त्यानं आयुष्यभर ही झाडं रंगवली. कॅनबेराला गेलात तर नॅशनल आर्बोरेटममधला राष्ट्रीय बोन्साय संग्रह चुकवू नका. तिथे जपानी पद्धतीची झाडं आणि ऑस्ट्रेलियन झाडं जवळजवळ मांडलेली असतात, फरक डोळ्यांना लगेच कळतो.

फोटो काढू नका, निदान आधी नको. कागदावर चार रेघांत झाड काढा. चित्र कसंही येऊ दे. रेघ ओढताना लक्षात येतं की पहिली फांदी आपण समजतो त्याहून किती वर आहे, आणि झाडात किती जागा रिकामी आहे. मग तो कागद समोर ठेवून आपल्या रोपाकडे बघा आणि जे कागदावर नाही ते कापा. माझ्या पहिल्या पेपरबार्कमध्ये मी आठ फांद्या जपून ठेवल्या होत्या. रस्त्यावरच्या झाडाचं चित्र काढल्यावर चार उरल्या, आणि त्या दिवशी ते प्रथमच झाडासारखं दिसलं. पेपरबार्क बऱ्याचदा बुंध्यापासूनच दोन-तीन खोडांचा असतो, तेव्हा खालून फुटलेला जोमदार फुटवा लगेच खुडू नका. एखादं जुळं खोड मिळून जाईल.

रोगकिडी

कोवळ्या पानांवर हळदीची पूड सांडल्यासारखे पिवळेधमक ठिपके दिसले तर तो मर्टल रस्ट. ही बुरशी मूळची दक्षिण अमेरिकेतली. १८८४ मध्ये ब्राझीलमध्ये तिचं पहिलं वर्णन झालं ते पेरूच्या झाडावर, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात पेरू आहे. ऑस्ट्रेलियात ती २०१० मध्ये सापडली, आणि पेपरबार्क, लिली पिली, बॉटलब्रश असं जांभळाचं सगळं गणगोत तिच्या तावडीत आलं. हवेनं पसरते. रोगट शेंडे हलवून पूड उडवू नका. पिशवीत धरून कापा, तोंड बांधा, काही दिवस उन्हात ठेवून कचऱ्यात टाका. पाणी सकाळी द्या, म्हणजे पानं रात्रभर ओली राहत नाहीत.

डहाळ्या जाळीनं चिकटलेल्या दिसल्या तर आत अळ्या असतात, हातानं काढा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर खवले कीड शोधा, जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यानं घासली की जाते.

तिसरं वर्ष

आता खोड अंगठ्याएवढं झालं असेल आणि तीन-चार फांद्या जागेवर असतील, तर पुन्हा नोव्हेंबरात खऱ्या बोन्साय कुंडीत घ्या. चाळणीतून काढल्यावर मुळांचं चपटं जाळं दिसेल, ते खालून कापून कुंडीत बसवा. पेपरबार्कला चकाकी नसलेली, करड्या किंवा मातकट रंगाची आणि जराशी खोलगट कुंडी घ्या, अगदी उथळ कुंडी जानेवारीत दुपारपर्यंत वाळते. फिगला निळी-हिरवी चकाकीची चालते. खोड अजून बारीक वाटत असेल तर कुंडीची घाई करू नका, परत चाळणीत घाला आणि शेंडा मोकळा सोडा. आमच्याकडे एक फिग सहा वर्षं चाळणीतच आहे. त्याची मुळं मी एका ओबडधोबड दगडावर पसरून बांधली आहेत, आणि दगड जसा मुळांत बुडत चाललाय तसतशी ती चाळण आता खालून फाटायला लागली आहे. येत्या नोव्हेंबरात ती कापूनच काढावी लागणार.